गाबोळी म्हण ना गो

जुलैचा शेवटचा आठवडा होता. होड्या अजून झापांखाली शाकारलेल्या होत्या. मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात कोणाचं तरी जाळं शिवायला पसरलं होतं, आणि मी पडद्यावर पापलेटच्या जननग्रंथीचा छेद दाखवत होते.

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस मासेमारी बंद असते. माणसं घरी सापडतात म्हणून मी सभा मुद्दाम तेव्हा ठेवली होती. साठेक जण आले. विषय त्यांच्या पोटाचा होता. आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, राज्य शासनाने माशांच्या ५४ जातींसाठी किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली होती. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, विकायचा नाही. सिल्व्हर पापलेटसाठी ही लांबी १३५ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी हा मासा महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. आमच्याकडे त्याला सरंगा म्हणतात. माझी पीएच.डी. माशांच्या वाढीवर आणि प्रजननावर आहे. त्यामुळे हा नियम कशासाठी आला हे गावाला सांगणं माझं काम आहे, असं मला मनापासून वाटत होतं.

मी ३८ स्लाइड दाखवल्या. प्रथम परिपक्वतेची लांबी, जननग्रंथीच्या अवस्था, साठ्याचं पुनर्भरण, सगळं क्रमाने. शेवटी विचारलं, "काही प्रश्न?" पंखे फिरत होते. मागून एकाने खुर्ची सरकवली. सोसायटीच्या जाणत्या गृहस्थांनी नारळ दिला, आभार मानले आणि माणसं उठली.

दाराशी चपला घालताना एक मावशी थांबल्या. बाजारात मासे विकतात, लहानपणापासून मी त्यांना बघते. माझा हात धरून त्यांनी विचारलं, "बाय, ता तू जननग्रंथी जननग्रंथी म्हणत होतस, ती म्हंजे गाबोळीच ना?"

मी म्हटलं, "हो." गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंड्यांची पिशवी.

"मगे गाबोळी म्हण ना गो! आमी ऱ्होज कापतो ती."

त्या रात्री मी आईला घेऊन वेंगुर्ल्याजवळ मामांकडे गेले. मामा ७२ वर्षांचे. शाळा सातवीपर्यंत. ३२ वर्षं एका दशावतारी कंपनीत होते, आधी स्त्रीपार्टी (बायकांच्या भूमिका), मग राजपार्टी (राजांच्या). त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"तू सांगी होतस तेवा त्येंची तोंडा बघलंस?"

मी पडद्याकडे बघत होते.

"मगे तू कोनाक सांगी होतस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तो ऐकताना वसतिगृहात असताना वाचलेलं काहीतरी आठवलं. अॅलन आल्डा नावाचे एक अमेरिकन नट. 'मॅश' या दूरचित्रवाणी मालिकेमुळे जगभर प्रसिद्ध झालेले. १९९३ ते २००५ अशी बारा वर्षं त्यांनी विज्ञानाच्या एका कार्यक्रमात शास्त्रज्ञांच्या मुलाखती घेतल्या. त्यात त्यांना एक गोष्ट सारखी दिसे. शास्त्रज्ञ त्यांच्याशी बोलत असला की खुलायचा. पण मध्येच तो 'व्याख्यान' द्यायला लागला की त्याचा आवाज बदलायचा, शब्द जड व्हायचे, आणि समोरचा माणूस त्याच्या नजरेतून नाहीसा व्हायचा. मग आल्डांनी अभियांत्रिकीच्या काही विद्यार्थ्यांना एका दुपारी नाटकातले उत्स्फूर्त अभिनयाचे खेळ शिकवून पाहिले. खेळांच्या आधी आणि नंतर त्यांना आपापल्या कामाबद्दल बोलायला लावलं. फरक इतका स्पष्ट होता की पुढे २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात विज्ञान-संवादाचं एक केंद्र उभं राहिलं. २०१३ पासून त्याला आल्डांचंच नाव आहे. तिथे शास्त्रज्ञ आणि डॉक्टर हे खेळ खेळतात.

आल्डांच्या लहानपणीचा एक प्रसंग मला फार लागून राहिला आहे. अकरा वर्षांचे असताना त्यांनी बाईंना विचारलं, ज्योत म्हणजे काय? बाई म्हणाल्या, "ऑक्सिडेशन." उत्तर बरोबर होतं आणि मुलाच्या हाती काहीच लागलं नव्हतं. २०१२ मध्ये आल्डांनी तोच प्रश्न शास्त्रज्ञांपुढे स्पर्धा म्हणून ठेवला आणि परीक्षक नेमले अकरा वर्षांच्या मुलांना. माझं 'जननग्रंथी' हे त्या बाईंचं 'ऑक्सिडेशन' होतं.

हे मी मामांना सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ह्यां शिकूक अमेरिकेक कित्या जावक होया? आमी जल्मभर दुसरा काय केला?"

ज्यांनी जत्रेत रात्र जागवलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दशावतारी नाटकाला लिहिलेले संवाद नसतात. प्रयोगाआधी रंगपटात, तोंडाला रंग लागत असताना, कंपनीतला जाणता माणूस आख्यान सांगतो. राजा कुठला, शाप कोणाचा, कोण कोणानंतर येणार, युद्ध कुठे. भूमिका वाटून देतो. बस. पुढे रात्रभर जे बोलायचं ते ज्याने त्याने उभ्या उभ्या, समोरच्याचं ऐकून. बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. रंगमंचावर एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच रथ, तेच अरण्यातला खडक. मुख्य आख्यानाआधी होणाऱ्या आडदशावतारात संकासुर येतो, तो अस्सल मालवणीत बोलतो आणि प्रेक्षकांशी थेट बोलतो. नंतरच्या आख्यानातले राजे आणि देव शुद्ध मराठीत. मी लहानपणी संकासुराची वाट बघत जागी राहायचे. राजाचं भाषण सुरू झालं की आईच्या मांडीवर झोप लागायची. सोसायटीच्या हॉलमध्ये मी राजाची भाषा बोलत होते, आणि ती ऐकणारी माणसं संकासुराच्या गावची होती.

मामांची एक आठवण घरात सगळ्यांना पाठ आहे. एका जत्रेत ते राणी होते. राजपुत्र रणात पडलेला, राणीचा विलाप चालू. पुढच्या रांगेतलं चार-पाच वर्षांचं पोर मोठ्याने रडायला लागलं. आई त्याचं तोंड दाबायला बघतेय, लोक मागे वळून बघतायत, प्रयोग मोडायच्या बेतात. मामा मृत राजपुत्राजवळून उठले, पुढे आले, त्या पोरासमोर गुडघे टेकून बसले आणि म्हणाले, "बाळा, माझ्या मुलासाठी तूही रडतोस? मग या राज्यात मी एकटी नाही." पेटीवाल्याने तिथूनच सूर धरला. मामा म्हणतात, त्या रात्री बायका रडल्या त्या माझ्या विलापाला नाही, त्या पोराला.

"तेका गप कर म्हटलं असतंय तर?" मामा विचारतात. "माझा रडणा खोटा झाला असता."

शिकागोत व्हायोला स्पोलिन यांनी स्थलांतरितांच्या मुलांबरोबर काम करताना जे नाट्यखेळ घडवले आणि १९६३ मध्ये पुस्तकात मांडले, त्यांच्या मुळाशी हेच आहे. समोर जे आलंय ते अडथळा न मानता हातात घ्यायचं. इंप्रोव्ह, म्हणजे उत्स्फूर्त अभिनय, करणारे याला 'येस, अँड' म्हणतात. हो, आणि. समोरच्याने दिलेलं आधी स्वीकारायचं, मग त्यात आपलं घालायचं.

आम्ही पुढच्या मे महिन्यात दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. जागा देवळाचा सभामंडप. आलेले अकरा जण: मत्स्यविज्ञानातले माझे सहकारी, आंब्यावर आणि काजूवर काम करणारे दोघे, एक कांदळवनांचा अभ्यासक, बाकी विद्यार्थी. प्रोजेक्टर मामांनी आणू दिला नाही. मध्ये एक बाकडं ठेवलं. मामा, त्या बाजारातल्या मावशी, एक म्हातारे रापणकर (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) आणि शेजारच्या घरातली दोन शाळकरी मुलं, हे आमचे ऐकणारे.

पहिला खेळ आरशाचा. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकाने हात हळूहळू हलवायचे, दुसऱ्याने त्याचं प्रतिबिंब व्हायचं. सोपं वाटतं. माझा एक सहकारी फार भरभर हात फिरवत होता आणि समोरची विद्यार्थिनी मागे पडत होती. तो म्हणाला, "तू लक्ष देत नाहीस." इथे खेळाचा नियम उलटा आहे. आरसा मागे पडला तर चूक हलवणाऱ्याची. त्यानेच आपली गती अशी ठेवायची की समोरच्याला सोबत राहता येईल. हे ऐकल्यावर त्याचा चेहरा बदललेला मी पाहिला. बारा वर्षं वर्गात शिकवतोय तो. संध्याकाळी मला म्हणाला, "मी आजवर मुलांनाच दोष देत आलो."

दुसरा खेळ मूळचा अदृश्य दोरीने रस्सीखेच करण्याचा. आम्ही त्याची रापण केली. वाळूत दोन टोकांना दोन रांगा, मध्ये समुद्रात सोडलेलं जाळं, आणि दोन्हीकडून दोर ओढायचा. हातात काहीच नाही. सगळ्यांनी जोरात ओढायला सुरुवात केली. म्हातारे रापणकर खांबाला टेकून बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "दोरी तुटली तुमची. परत्येक जन आपली आपली दोरी ओढता हा." मग त्यांनी उठून दाखवलं: पाय वाळूत कसा रोवायचा, पुढच्याच्या पाठीकडे बघून आपला जोर कसा लावायचा, समोरची रांग दमली की आपण कसं सैल सोडायचं. तिसऱ्या वेळी आमच्या सगळ्यांच्या हातात एकच दोर आला. मला तो खरोखर तळहातावर जाणवला. ज्याने कधी समूहात काही ओढलंय त्यालाच हे कळेल, म्हणून जास्त लिहीत नाही.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. प्रत्येकाने बाकड्यावर बसून आपलं संशोधन सांगायचं, आणि ज्या क्षणी ऐकणाऱ्याला कळेनासं होईल त्या क्षणी त्याने हात वर करायचा. हात वर दिसला की थांबायचं, त्याच्याकडे बघायचं, दुसरी वाट शोधायची. आंब्यावर काम करणारी माझी मैत्रीण हापूसमधल्या 'स्पंजी टिश्यू'बद्दल बोलू लागली. दुसऱ्याच वाक्याला चार हात वर. ती थांबली. समोरच्या मुलाला विचारलं, "कधी असं झालंय, वरून आंबा सोन्यासारखा आणि कापल्यावर आत पांढरट, आंबट?" मुलगा म्हणाला, "साको!" मावशी म्हणाल्या, "गिऱ्हाईक परत आणून टाकता तोंडार." आणि मग ती पंधरा मिनिटं थांबली नाही. बाहेरून बघून साका ओळखता येत नाही म्हणून बागायतदाराची पंचाईत कशी होते, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेल्या 'रत्ना'मध्ये साका होत नाही याचं तिला कुतूहल का आहे, सगळं. एकही हात वर गेला नाही. या विषयावर तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि आम्ही एकाच खोलीत राहून शिकलो.

दुसरा एक जण माशाच्या कानातल्या खड्यावर काम करतो. ऑटोलिथ. त्यात झाडाच्या खोडासारखी वलयं असतात, त्यावरून माशाचं वय काढता येतं. पिल्लांच्या खड्यात तर रोजचं एक वलय मिळतं. हे त्याने 'कॅल्शियम कार्बोनेटची स्फटिकरचना' इथून सुरू केलं. हात. मग 'कानातला खडा' म्हणाला. मुलांचे हात तरीही वर, माशाला कान असतात का हाच त्यांचा प्रश्न. तो गोंधळला, गप्प झाला. मामा काहीच बोलले नाहीत, नुसते त्याच्याकडे बघत राहिले. खूप वेळ गेल्यावर त्याने रापणकरांना विचारलं, "ढोमा खाताना डोक्यात पांढरा खडा लागतो ना?" रापणकर हसले. "लागता तर! ताटाच्या कडेक काढून ठेवतो." "मी तो कडेला ठेवलेला खडा उचलतो," तो म्हणाला, "आणि त्याला विचारतो, तू किती दिवस जगलास." सभामंडप शांत झाला. धाकटी मुलगी उठून त्याच्याजवळ येऊन बसली.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. एक ज्येष्ठ सहकारी दुपारीच निघून गेले. जाताना त्यांनी जे विचारलं ते मी मनात जपून ठेवलं आहे, कारण प्रश्न खरा आहे. "गाबोळी म्हणजे मादीची. नराच्या जननग्रंथीचं काय करणार? सोपं करता करता चुकीचं सांगाल." त्यांची भीती मला मान्य आहे. शास्त्रात शब्द काटेकोर असतात ते उगीच नाही. पण उत्तर मावशींनीच दिलं होतं, मी विचारल्यावर: नराच्या पोटातला तो पांढरा भागही त्या रोज काढतात, त्यांना तो माहीत आहे. दोन वाक्यं जास्त बोलावी लागतात, एवढंच. मी ती आता बोलते.

त्याहून अवघड गाठ 'हो, आणि'ची आहे. नाटकात समोरचा म्हणाला "हे बघ, समुद्र पेटला" तर समुद्र पेटलेला असतो. विज्ञानात तसं चालत नाही. चुकीच्या माहितीला मी 'हो' म्हणू शकत नाही. यावर मामांशी माझं बरंच बोलणं झालं. एखादा मच्छीमार म्हणाला, "सरंगो कमी झालो तो निसता एलईडीवाल्यांनी नेलो म्हणान," (म्हणजे बोटीवर प्रखर दिवे लावून मासे ओढून घेणाऱ्यांनी) तर काय करायचं? आधी मी म्हणायचे, "तसं नाही, कारणं अनेक आहेत," आणि तो माणूस तिथेच बंद व्हायचा. मामा म्हणाले, "तेनी काय बघला, ता विचार. बघलेला खोटा नसता." आता मी विचारते. त्याने रात्री दूरवर दिवे बघितलेले असतात, सकाळी रिकामं जाळं ओढलेलं असतं. ते खरं असतं. त्याला मी हो म्हणते. आणि मग म्हणते, आणि त्याच दिवशी बाजारात पाटीत बोटाएवढे सरंगे होते, तेही आपण दोघांनी बघितलेत. हो त्याच्या डोळ्यांना, आणि माझ्या मोजमापाला. त्याच्या निष्कर्षाशी मी असहमत असले तरी ते मग सांगता येतं, कारण तोवर तो मला ऐकत असतो आणि मी त्याला.

त्या जुलैत मी पुन्हा त्याच हॉलमध्ये गेले. स्लाइड नव्हत्या. सोसायटीचं बाकडं मध्ये ओढलं आणि बसले. पहिला प्रश्न मीच विचारला: सरंग्याला गाबोळी कधी दिसते तुम्हाला? पुढचा पाऊण तास मी जवळजवळ बोललेच नाही. बायकांमध्ये वाद झाला. कोणी महिना सांगितला, कोणी तो खोडून काढला, एकीने आपल्या सासूचं म्हणणं सांगितलं. मी वहीत लिहीत होते. मग १३५ मिलिमीटर आले. एका तरुण तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, विचारलं, होडीत पट्टी घेऊन कोण बसणार? मी म्हटलं, "खरं आहे. तुम्ही कसं मोजाल?" त्याने खिशातून मोबाईल काढला, त्यावर बोटं ठेवून अंदाज घेतला आणि म्हणाला, "मोबाईलपेक्षा आखूड असलो तर तो पोरगोच." मोबाईल १५-१६ सेंटीमीटरचा असतो. नियमापेक्षा थोडी जास्तच लांबी त्याने स्वतःहून धरली होती. मी पट्टीने मोजून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "जास्त तर जास्त."

सगळे तयार झाले असं मी म्हणणार नाही. दोघे-तिघे शेवटपर्यंत माझ्याशी भांडले. आधी मोठ्या ट्रॉलरवाल्यांना सांगा, मग आमच्याकडे या, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यात तथ्य आहे. पण ते भांडले. आदल्या वर्षी कोणी भांडलंही नव्हतं.

मामांची तब्येत आता जत्रेत रात्रभर बसण्याएवढी नाही. यंदा आम्ही आडदशावतार संपेपर्यंतच थांबलो. संकासुर बोलत असताना ते डोळे मिटून ऐकत होते आणि दर वेळी समोरच्या भटजीचं वाक्य पुरं व्हायच्या आधी त्यांचे ओठ हलत होते.

गेल्या आठवड्यात बाजारातल्या मावशींच्या नातवाच्या फोनवरून मला एक फोटो आला. पाटीच्या कडेला एक सरंगा, त्याच्या शेजारी दुसऱ्या कोणाचा तरी मोबाईल ठेवलेला. मासा मोबाईलपेक्षा चांगला दोन बोटं लांब. खाली आवाजी निरोप. "गो बाय, ह्यो बघ. मोबाईलपेक्षा मोठो आसा, पन गाबोळीचो पत्तो नाय. असा कसा?"

नियमातली लांबी गाठली म्हणजे मासा गाबोळी धरतोच असं नाही, हे माझ्या ओठावर आलं होतं. त्याचा तक्ता माझ्याकडे आहे. मी फोन लावला आणि विचारलं, "मावशी, पोट कापल्यावर आत काय दिसला, ता सांगा आदी."